सायकलस्वाराचा पोशाख

सायकलीवरून कामाला जाणाऱ्या माणसानें अंगांत काय घालावें या विषयावर मी बोलणार आहें असें कळल्यावर पहिली शंका माझ्या घरांतच निघाली. "यांत बोलण्यासारखें काय आहे? जे कपडे कचेरींत घालावयाचे, तेच घालून सायकलीवर बसावें." शंका रास्त आहे, बहुतेक लोक तसेंच करतात. परंतु हौसेनें सायकल घ्यावयाची, चार महिने चालवावयाची आणि पुढें ती पडवींत गंजत ठेवावयाची, असें करणारीं माणसें आपल्या प्रत्येकाच्या ओळखींत असतात. त्यांना कारण विचारून पाहावें. अंतर फार आहे किंवा पाय दुखतात असें सांगणारे थोडे. घामानें सदरा पाठीला चिकटतो, विजारीचा पाय चेनमध्यें जातो, मांड्या सोलवटतात, पावसांत जावें कसें, आणि अशा अवतारानें चार माणसांत बसावें कसें, हींच उत्तरें अधिक ऐकूं येतात. म्हणजे गाऱ्हाणें कपड्यांचें असतें, आणि शिक्षा सायकलीला होते.

या गाऱ्हाण्याचें मूळ माझ्या मतें एकच आहे. आपले सगळे कपडे उभ्या माणसासाठीं बेतलेले असतात. शिंप्यापुढें माप देतांना आपण ताठ उभे राहतों, किंबहुना थोडें पोटही आंत घेतों. आरशांत पाहावयाचें तेंही उभ्यानेंच. आणि मग तोच कपडा घालून आपण अशा वाहनावर बसतों कीं, जेथें पाठ पुढें झुकलेली असते, हात लांबवलेले असतात, गुडघे मिनिटाला पन्नास-साठ वेळां वरखालीं होत असतात आणि शरीराचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर आलेला असतो. उभ्या माणसाचा कपडा अशा माणसाला सुखकर व्हावा तरी कसा?

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक मार्ग डोळ्यांपुढें घेऊं. पालघर तालुक्यांत केळवें रोड स्टेशनाच्या टापूंत, रेल्वेच्या पश्चिमेस, माकुणसार नांवाचें गांव आहे. भातखाचरें, खाजणें आणि वाड्या असा हा सपाट मुलूख. समुद्र फारसा दूर नाहीं. २०१३ सालीं विरारच्या पुढें डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धांवूं लागल्या. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला आणि सरकारी कचेऱ्या पालघरला आल्या. उत्तरेकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीज केंद्र आहे. तेव्हां अशी कल्पना करा कीं, माकुणसारच्या एका घरांतील थोरला भाऊ पालघरला कचेरींत नोकरीस आहे, धाकटा बोईसरच्या एका कारखान्यांत पाळीवर जातो आणि बहीण पालघरच्या दांडेकर महाविद्यालयांत शिकते. तिघेंही घरून स्टेशनापर्यंत सायकलीनें जातात, तेथें सायकल ठेवून गाडी पकडतात. सायकलीवरचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. पण तेवढ्या वेळांत जो घाम येईल आणि जी सुरकुती पडेल, ती घेऊनच पुढें गाडीच्या गर्दींत उभें राहावयाचें आहे आणि दिवसभर काम करावयाचें आहे. शर्यतींत उतरणाऱ्या सायकलपटूला ही अडचण नाहीं. तो घरीं जाऊन स्नान करतो. म्हणून त्याचा घट्ट, चकचकीत पोशाख पाहून आपण आपला पोशाख ठरवूं नये.

प्रथम विजार घेऊं, कारण सर्वांत अधिक छळ तीच करते. नेहमींच्या विजारीच्या चार शिवणी जेथें एकत्र मिळतात ती जागा नेमकी सीटवर येते. चालतांना त्या गांठीचा पत्ताही लागत नाहीं. सायकलीवर मात्र शरीराचा भार तिच्यावर पडतो आणि पायांच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ती तेथल्या तेथें घासत राहते. जीनच्या जाड कापडाची विजार तरुणांना फार आवडते; परंतु जाड कापडाची दुमडून घातलेली शिवण म्हणजे जवळजवळ एक दोरीच, आणि त्या दोरीवर बसून रोज आठ-दहा किलोमीटर जाणें हें तपश्चर्येंत मोडेल. शिवाय जीन एकदां भिजली कीं आमच्या दमट हवेंत दिवस मावळेपर्यंत वाळत नाहीं. सायकलीसाठीं मध्यम वजनाचें सुती कापड घ्यावें, शिवणी चपट्या घालाव्या, आणि चार शिवणींची ती गांठ सीटवर येऊंच देऊं नये.

ही शेवटची गोष्ट कशी साधावयाची? आमच्या जुन्या शिंप्यांना ती चांगली ठाऊक होती. सदऱ्याच्या काखेंत ते एक चौकोनी तुकडा लावीत. त्याला चौबगळा म्हणत. हात वर केला तरी सदरा कमरेवरून उचलला जात नसे आणि काखेंत फाटतही नसे, तो त्या चौबगळ्याच्या जोरावर. तसाच एक शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा विजारीच्या आसनांत बसविला म्हणजे शिवणी एका ठिकाणीं न येतां तुकड्याच्या चार कोपऱ्यांना विभागल्या जातात, आणि मांडी वर उचलतांना कापडावर ताण पडत नाहीं. हिंडण्या-डोंगर चढण्याच्या विजारींत परदेशी कारखानदार आतां हीच युक्ति वापरतात आणि तिचे निराळे दाम घेतात. आपल्या गांवचा शिंपी तीच गोष्ट वीतभर कापडांत करून देईल. मात्र त्याला ती सांगावी लागेल.

दुसरें, माप बसून द्यावें. शिंप्याच्या दुकानांत स्टूल असतेंच. त्यावर बसून हात टेबलाच्या कडेवर टेकावे, एक गुडघा उचलावा, आणि मग टेप लावावयास सांगावें. शिंपी प्रथम हंसेल, हंसूं द्यावें. बसून पुढें झुकलें कीं विजारीची पाठ खालीं सरकते आणि सदऱ्याची पाठ वर जाते. म्हणून विजारीची मागची उंची पुढच्यापेक्षां दोन बोटें अधिक असावी, आणि सदरा मागें चार बोटें लांब असावा. हात पुढें लांबवले कीं बाही मनगटावरून मागें येते आणि खांद्यांमध्यें कापड ताणतें. पाठीच्या पट्टीखालीं दोन चुण्या सोडल्या म्हणजे तोही त्रास मिटतो. तयार कपडे घेणाऱ्यानें दुकानांतच एकदां उकिडवें बसून पाहावें. उकिडवें बसून जो कपडा कोठेंही ओढत नाहीं, तो सायकलीवर ओढणार नाहीं. माझ्या स्वतःच्या एका नव्या विजारीनें पहिल्याच दिवशीं स्टेशनाच्या अलीकडे साथ सोडली होती. दोष शिंप्याचा नव्हता; माप मीं उभ्यानें दिलें होतें. तो सबंध दिवस मीं पाठ भिंतीकडे ठेवून काढला.

विजारीचा पाय घोट्याशीं अरुंद असावा. चेन सायकलीच्या उजव्या बाजूस असते, त्यामुळें संकट येतें तें उजव्या पायावरच. पूर्वीं पोलादाच्या वाकड्या क्लिपा मिळत. त्या घोट्याशीं लावून लोक कचेरींत गेल्यावर खिशांत टाकीत. आजही क्लिप, रबराचा पट्टा किंवा विजारीलाच शिवलेली बटणाची पट्टी, यांपैकीं कांहींही चालेल. धोतर नेसून सायकल चालविणारी पिढी पायाशीं निऱ्या गुंडाळून घेत असे. मागच्या खिशांत पाकीट ठेवून सीटवर बसूं नये; एका बाजूचा भार त्या पाकिटावर पडून कंबर व मांडीमागची शीर दुखूं लागते. किल्ल्या आणि मोबाइलही मांडीवरच्या खिशांत नकोत.

आतां स्त्रियांच्या पोशाखाकडे वळूं, कारण येथें प्रश्न सोयीचा तर आहेच, पण जिवाचाही आहे. आज आपण वापरतों त्या धर्तीची, दोन सारख्या चाकांची सायकल इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें १८८५ सालीं प्रचारांत आणली. १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली धांव प्रचारांत आणली आणि सायकल सर्वांच्या आवांक्यांतली झाली. स्त्रियाही तीवर बसूं लागल्या, आणि लगेच त्यांचा घोळदार झगा आड आला. सायकलीचा मधला दांडा खालीं वांकवून स्त्रियांची निराळी सायकल काढण्यांत आली ती या झग्यासाठीं. कांहीं स्त्रियांनीं मात्र सायकल बदलण्याऐवजीं पोशाख बदलावयाचें ठरवून दोन पाय स्वतंत्र ठेवणारी सैल विजार घातली. १८९८ सालीं लेडी हार्बर्टन या बाई अशा पोशाखांत सरे परगण्यांतील एका खाणावळींत गेल्या, तेव्हां त्यांना मुख्य दालनांत बसूं देण्यास मालकिणीनें नकार दिला. प्रकरण १८९९ मध्यें कोर्टांत गेलें आणि मालकीणबाई निर्दोष सुटल्या. खटला बाई हरल्या. पुढच्या एका पिढींत पोशाख मात्र जिंकला.

आमच्याकडे गंमत उलटी झाली. इंग्लंडांतील स्त्रिया जें मागत होत्या तें आमच्या आज्यांच्या नऊवारी लुगड्यांत आधींपासून होतें. कांसोटा घातला कीं दोन पाय स्वतंत्र. शेतांत लावणी करावी, झाडावर चढावें, घोड्यावर बसावें. सायकलीला याहून योग्य नेसणें शोधूनही सांपडलें नसतें. पण शहरांतील मुलींच्या हातीं सायकल येण्याच्या काळांतच कांसोटा मागें पडून गोल पातळ रूढ झालें. पुण्यासारख्या 'सायकलींच्या शहरांत' मुलींनीं तें पातळ नेसूनही सायकली चालविल्या. पदर कमरेला खोंचावयाचा आणि निऱ्या संभाळावयाच्या, ही त्यांची कसरत कौतुकास्पद खरी, परंतु ती कसरतच होती.

आज महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलीच्या अंगांत बहुधां सलवार-कुडतें असतें. दोन्ही बाजूंस चिरा असलेलें, गुडघ्याच्या वरच थांबणारें कुडतें आणि अरुंद तोंडाची सलवार हा सायकलीसाठीं अगदीं उत्तम पोशाख आहे. त्यांत सुधारणा सुचवावी असें मला कांहीं दिसत नाहीं. भीति आहे ती ओढणीची. वाऱ्यानें ओढणीचें टोंक मागें उडतें, चाकाच्या आरींत सांपडतें आणि एका फेऱ्यांत सगळी ओढणी आंत खेंचली जाते. ती गळ्याभोवतीं असली तर तिचा फांस होतो. आपल्या देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत ओढणीमुळें झालेल्या मानेच्या गंभीर इजांच्या नोंदी आहेत. मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला कपडा अडकूं नये म्हणून आडजाळी लावावी, असें १९८९ च्या मोटार वाहन नियमांत सांगितलें होतें. सायकल हें मोटार वाहन नव्हे, त्यामुळें तिला असा नियम नाहीं आणि ही काळजी घरच्यांनींच घ्यावयाची आहे. मागच्या चाकावर जाळी आणि चेनवर पुरतें झांकण, हें दोन्ही मुलीच्या सायकलीला असलेंच पाहिजे. तरीही जाळीवर विसंबून ओढणी वाऱ्यावर सोडूं नये. ओढणी घडी करून पिशवींत ठेवावी आणि उतरल्यावर घ्यावी. तसें नको वाटत असेल तर कुडत्यावर पातळ सुती जाकीट घालावें. छातीवरून तिरपी नेऊन कमरेशीं घट्ट बांधलेली ओढणी त्यांतल्या त्यांत बरी, पण गांठ सुटणार नाहीं याची हमी कोणी द्यावी? "ओढणीशिवाय रस्त्यानें जाणें बरें दिसत नाहीं" असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंति आहे कीं, त्यांनीं एकदां उलट्या ठेवलेल्या सायकलीच्या फिरत्या चाकाला जुन्या कापडाची चिंधी लावून पाहावी.

कापड कोणतें घ्यावें, हा यापुढचा प्रश्न. त्यासाठीं घामाचें काम काय तें समजून घेतलें पाहिजे. सायकल चालवितांना स्नायू जी शक्ति खर्च करतात, तिचा चौथा-पांचवा हिस्साच काय तो चाक फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची सगळी उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम त्वचेवर पुरता वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबानें खालीं गळला तर जवळजवळ कांहींच नेत नाहीं, कपडे मात्र भिजवितो. आमच्या किनाऱ्याची हवा आधींच बाष्पानें भरलेली, त्यामुळें येथें घाम सहजीं वाळत नाहीं. त्याला वाळविणारा एकच पंखा सायकलस्वाराजवळ असतो, तो म्हणजे चालीमुळें अंगावर येणारा वारा. हा वारा कपड्याच्या आंत शिरूं देणें आणि भिजलेली हवा बाहेर जाऊं देणें, हें कापडाचें पहिलें काम.

या कसोटीला सैल विणीचें पातळ सुती कापड चांगलें उतरतें. मलमल फार नाजूक. खादी किंवा हलकें पॉपलीन बरें. खादीचें हातसुत कमीअधिक जाडीचें असल्यामुळें तिच्या विणींत बारीक झरोके राहतात आणि ती अंगाला सपाट चिकटत नाहीं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेंत कोरडें सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी बाष्परूपानें धरून ठेवतें. पॉलिएस्टरच्या बाबतींत हें प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून थोडासा घाम सूत मुकाट्यानें पिऊन टाकतें. पण हाच त्याचा दोषही आहे. घाम फार आला तर सूत ओथंबतें, जड होतें आणि लवकर वाळत नाहीं. तासाहून अधिक सायकल चालविणाऱ्याला खेळाडूंची जाळीदार पॉलिएस्टरची बनियन खरोखरच अधिक सोयीची, कारण ती हां हां म्हणतां वाळते. तिला वास मात्र सुताहून लवकर येतो. पंधरा-वीस मिनिटांच्या मार्गाला सूतच पुरें. सर्वांत वाईट तें घट्ट विणीचें टेरिकॉट. तें पाणी पीत नाहीं, वाराही आंत घेत नाहीं, आणि त्याची इस्त्री मोडत नाहीं एवढ्याच गुणावर तें आमच्या कचेऱ्यांत अनेक वर्षें राज्य करीत आलें. तारापूरच्या वसाहतींत कापडाचेही कारखाने आहेत. तेथें विणलें जाणारें विजारीचें कापड सभासमारंभांत शोभतें यांत शंका नाहीं, पण तें विणणाऱ्या कामगारानें सायकलीवर तें घालूं नये.

घामाची गोष्ट निघाली आहे तर एक थोडी संकोचाची गोष्टही सांगितली पाहिजे. विजारीच्या आंतला कपडा सुती, सैल आणि बिनजाड शिवणीचा असावा. आणि कामावर पोंचल्यावर तो ओला असेल तर बदलावा. जांघेंत ओलावा आणि घर्षण दोन्ही असलीं कीं गजकर्णाला आयतें शेत मिळतें. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत हा विकार पूर्वींपेक्षां चिवट झाला आहे, असें त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात, आणि त्याचें एक कारण म्हणून दुकानांतून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांकडे ते बोट दाखवितात. अशा मलमानें खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आंत पसरत राहते. एकाच्या टॉवेलावरून ती घरांतल्या सगळ्यांना होते. तेव्हां पिशवींत एक कोरडी घडी अधिक टाकण्याचा कंटाळा करूं नये, आणि खाज सुटल्यास लाजून दुकानदाराला न विचारतां डॉक्टरला विचारावें.

यावरून कचेरीचे कपडे आणि सायकलीचे कपडे वेगळे असावे, हें ओघानेंच येतें. थोरल्या भावानें घरून साधा सुती सदरा घालून निघावें, कचेरीचा सदरा पिशवींत न्यावा. सदऱ्याची घडी न घालतां तो वर्तमानपत्राभोवतीं गुंडाळला तर चुरगळत नाहीं. पिशवी पाठीवर नको. पाठीवरच्या पिशवीखालीं वाराच पोंचत नाहीं आणि तेवढा चौकोन घामानें भिजून निघतो. ती मागच्या कॅरिअरवर बांधावी. माकुणसारकराला तर हें विशेष लागू आहे. हिंवाळा-उन्हाळ्यांत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो आणि दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे जोरानें येतो. सकाळीं हा गृहस्थ पूर्वेकडे स्टेशनाला जातो, संध्याकाळीं पश्चिमेकडे घरीं येतो. म्हणजे जातांना वारा तोंडावर आणि येतांनाही तोंडावर! त्याची छाती कोरडी राहते आणि पाठ भिजते. त्याला दोष देण्यासाठीं नगरपालिकाही नाहीं. स्टेशन जवळ आलें कीं शेवटचीं तीन-चार मिनिटें पायडल हलकें मारावें. जोरांत येऊन एकदम थांबलें कीं वारा बंद होतो, आंतली उष्णता तशीच राहते आणि खरा घाम त्याच क्षणीं फुटतो. सदराही पोंचल्या पोंचल्या बदलूं नये. पांच मिनिटें पंख्याखालीं बसून, अंग पुसून मग बदलावा.

कपडे बदलावयाचे कोठें, हा प्रश्न मात्र सायकलस्वार एकटा सोडवूं शकत नाहीं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४३ व्या कलमांत कामगारांचे कपडे ठेवण्यासाठीं आणि ओले कपडे वाळविण्यासाठीं जागा देण्याचा विचार केलेला होता. ओल्या कपड्यांचें वाळवण हा कायद्याचा विषय होऊं शकतो, हें त्या काळच्या कायदेकारांना कळलें होतें. कचेऱ्यांसाठीं एवढें कोणी म्हटलें नाहीं. एक आडोसा, चार खुंट्या आणि एक आरसा यांना खर्च तो किती! धाकट्या भावाच्या बाबतींत तर ही निकडीची गोष्ट आहे. रसायनांच्या कारखान्यांतील गणवेश घालून सायकलीनें घरीं येऊं नये. त्यावरचे डाग आणि भुकटी घरांतल्या मुलांपर्यंत पोंचते. गणवेश कारखान्यांतच चढवावा आणि तेथेंच उतरवावा. आगीजवळ काम असेल तर तो सुती असावा, कारण कृत्रिम धागा पेटला म्हणजे वितळून कातडीला चिकटतो.

जून महिना लागला कीं पुष्कळ सायकली पडवींत जातात. रेनकोट घालून सायकल चालविणाऱ्याची फजिती कोणी पाहिली नाहीं? रबराचा किंवा प्लास्टिकचा बंद कोट पाऊस बाहेर ठेवतो आणि घाम आंत ठेवतो. दहा मिनिटांनीं कोटाच्या आंतही पाऊसच. लावणीच्या वेळीं आमचा शेतकरी जें इरलें घेतो, त्याची रचना पाहा. पाठ आणि डोकें झांकलेलें, पुढची बाजू मोकळी; वाकून काम करणाऱ्याला हवा मिळते आणि पाठीवरचें पाणी वाहून जातें. सायकलीसाठीं टोपीचा, खालून मोकळा झगा मिळतो तो याच तत्त्वाचा. हात हँडलावर ठेवून तो पुढें पसरला म्हणजे मांड्याही झांकल्या जातात. पण नैर्ऋत्येचा वारा जोरांत असला तर त्याचें शीड होतें आणि सायकल रस्त्याच्या कडेला जाऊं लागते. अशा दिवशीं कमरेला दोरी बांधावी, नाहींतर सरळ उतरून चालावें. एका हातांत छत्री धरून दुसऱ्या हातानें सायकल हांकणें हें धाडस कोणीही करूं नये. ब्रेक दोन आहेत, त्यांना हातही दोन लागतात.

माझें स्वतःचें मत असें आहे कीं, कोंकणच्या उबदार पावसांत पंधरा मिनिटें भिजल्यानें निरोगी माणसाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें ओल्या कपड्यांत आठ तास बसल्यानें. म्हणून पावसाळ्यांत अंगावर लवकर वाळणारा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि गुडघ्यापर्यंतची विजार असावी, आणि सगळी काळजी पिशवींतल्या कपड्यांची घ्यावी. ते आधीं प्लास्टिकच्या पिशवींत, तिचें तोंड पिळून बांधून, आणि मग मोठ्या पिशवींत. टॉवेल वेगळा ठेवावा. गुडघ्यापर्यंतची विजार घालून जाण्याची ज्यांना लाज वाटते त्यांनीं भातलावणीच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस एकदां पाहावें. सारा मुलूख गुडघ्यापर्यंतच्याच पोशाखांत असतो.

पायांत काय घालावें याविषयीं दोनच शब्द. मऊ तळाच्या सपाता नकोत. पायडलाची कड तळपायांत रुतते. तळ घट्ट असावा आणि मागें पट्टा असावा. बुटाचे बंद उजव्या बाजूस लोंबतां कामा नयेत. रंगाविषयीं इतकेंच कीं, दुपारच्या उन्हांत काळा सदरा तापतो आणि रात्रीं तो मोटारवाल्याला दिसत नाहीं. पांढरा किंवा पिवळा रंग दोन्हीं वेळां बरा. पाळीवरून रात्रीं घरीं येणाऱ्यानें पाठीवर प्रकाश परतविणारी पट्टी शिवून घ्यावी. डोक्याला शिरस्त्राण असावेंच. सायकलीसाठीं भोंकें असलेलें हलकें मिळतें, तें उन्हांतही फार तापत नाहीं.

सायकलीवरची विजार कोठें फाटते हें आतां सांगावयास नको. सीटच्या कडेनें आंतल्या मांडीवरचें कापड झिजत जातें, आणि बाकी विजार नव्यासारखी असतांना ती टाकून द्यावी लागते. यावर उपाय शिवतांनाच करावा. आसनाच्या मागें, आंतल्या बाजूनें, त्याच कापडाचा दुहेरी तुकडा पानाच्या आकाराचा लावून घ्यावा आणि त्याच्या कडा दुमडून चपट्या शिवाव्या, म्हणजे त्या टोंचणार नाहींत. आणि विजार बेतून उरलेलें कापड शिंप्याकडून मागून घ्यावें. दोन वर्षांनीं ठिगळाची वेळ येईल तेव्हां त्याच रंगाचें कापड बाजारांत मिळत नाहीं.